परळची खोली

गेल्या शनिवारी इथे काहीच लिहिलं नाही, कारण गावी गेलो होतो. गाव म्हणजे वालावल, कुडाळ तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. कर्ली नदीच्या काठचं गाव. लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, त्याच्या शेजारी तळं, भोवती माड-पोफळी. व्ही. शांतारामांच्या 'चानी'चं (१९७७) शूटिंग इथलंच, हे आम्ही वालावलकर मंडळी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

पण आजचा विषय देऊळ किंवा तळं नाही. आजचा विषय आहे एक वही. आणि त्या वहीच्या निमित्ताने कॅन्सर. थोडा जड विषय आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी गावाहून काकांचा फोन आला होता. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. काकींना कॅन्सर निघाला होता आणि टाटाला न्यायचं ठरत होतं. आमच्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. "पाच-सहा आठवडे ऱ्हवचा लागतला म्हणतत," काका म्हणाले आणि थांबले. त्या थांबण्याचा अर्थ मला नीट कळला होता. मी म्हणालो, "काका, आमचं घर लहान आहे, पण मी राहण्याची चौकशी करतो." चौकशी केली, पैसेही पाठवले. काका-काकी दादरच्या धर्मशाळेत राहिले. मी दोनदा जाऊन भेटलो, फळं घेऊन.

आमचं घर वन बीएचके आहे. खोटं काही बोललो नव्हतो. तरीही तो फोन अधूनमधून आठवत राहायचा.

काकी आता बऱ्या आहेत. परवा गेलो तर अंगणात सोलं वाळत घालत होत्या. जेवण झालं आणि काकांनी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत जुन्या पावत्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि जाड पुठ्ठ्याची एक लांब वही. "ही तुझ्या आज्याची वही. खोलीची," काका म्हणाले. "घेवन जा. आमका ठेवन काय उपयोग?"

खोलीची वही

ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते त्यांना 'गावाची खोली' म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या कापड गिरण्यांमध्ये कामाला येणाऱ्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं सगळ्यात जास्त. (सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तोवर आम्हीही रत्नागिरीतच.) बायकामुलं गावी, पुरुष मुंबईला. एकेकट्याला खोलीचं भाडं परवडायचं नाही, म्हणून एका गावचे, एका वाडीचे लोक मिळून चाळीत एक खोली घ्यायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं. ती मावायची कशी? पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीची माणसं कामावर असताना रात्रपाळीची झोपायची. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, फळीवर प्रत्येकाची वळकटी, जेवण खानावळीत. आमच्या भाषेत सांगायचं तर टाइम शेअरिंग. फक्त मशीनच्या जागी चटई.

आमच्या वाडीची अशी एक खोली परळला होती. आजोबा गिरणीत होते आणि बरीच वर्षं त्या खोलीचा हिशेब त्यांच्याकडे होता. भाडं, दिव्याचं बिल, कोण आला, कोण गावी गेला, कुणाकडे किती बाकी. सगळं बारीक, तिरक्या अक्षरात.

वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. मधूनमधून काही नावं अशी होती, ज्यांच्यापुढे पाळीही नव्हती आणि भाड्याचा आकडाही नव्हता. पाळीच्या रकान्यात आजोबांनी एकच शब्द लिहिला होता: 'टाटा'. आणि भाड्याच्या रकान्यात आडवी रेघ.

असं एक नाव १९७४ सालातलं. नाव नाहीच खरं तर, नुसतं 'वहिनी' लिहिलं आहे. आली, गेली, दिवस ४६. ही वहिनी म्हणजे काकांची आई. आम्ही तिला मोठी आजी म्हणायचो.

पान बघत असताना काकी मागे उभ्या होत्या. काहीच म्हणाल्या नाहीत. मला मात्र दोन वर्षांपूर्वीचा तो फोन पुन्हा ऐकू आला. माझ्या आजोबांनी काकींच्या सासूला पंचवीस माणसांच्या खोलीत सेहेचाळीस दिवस ठेवून घेतलं होतं. आणि मी काकींना सांगितलं होतं की आमचं घर लहान आहे.

परत आल्यावर आठवडाभर हेच डोक्यात होतं. मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. हे हॉस्पिटल नेमकं परळलाच कसं आलं, त्या काळी माणसं तिथे कशी पोचायची, कुठे राहायची? वाचता वाचता असं वाटायला लागलं, की कॅन्सरला तोंड देणाऱ्या घरांचा इतिहास हा औषधांइतकाच राहण्याच्या जागेचाही इतिहास आहे.

एका घरातलं दुःख

टाटा हॉस्पिटलची सुरुवातसुद्धा एका घरातूनच झाली. सर दोराबजी टाटांची पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, तीही इथे नाही, दूर वेल्समधल्या एका रुग्णालयात. ज्या घराकडे पैशाला तोटा नव्हता, ज्या बाईकडे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता, तिलाही उपचारांसाठी घरापासून हजारो मैल लांब जावं लागलं, आणि तिथेही त्या आजारावर औषध नव्हतं. दोराबजींनी १९३२ साली तिच्या नावाने रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला आणि आपली बाकीची संपत्ती दुसऱ्या एका ट्रस्टला देऊन टाकली. त्याच वर्षी ३ जूनला युरोपच्या प्रवासात तेही गेले. इंग्लंडमध्ये ब्रुकवूडच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. पुढे तो हिराही विकला गेला आणि पैसे ट्रस्टकडे आले.

त्या ट्रस्टने परळला बांधलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हा खाटा होत्या ८०. सबंध देशासाठी! १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. त्या वेळी अणुऊर्जा खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा. मेहरबाई ही त्यांची सख्खी आत्या. योगायोग म्हणा हवं तर. कॅन्सर झालेल्या माणसाची आठवण घरात दोन-दोन पिढ्या कशी टिकून राहते ते मात्र यावरून कळतं.

परळ हा तेव्हा पक्का गिरणगाव. केईएम हॉस्पिटल तिथे १९२६ पासून होतंच. पण टाटाच्या उभारणीत कुणी ठरवून केली नसेल अशी एक गोष्ट घडली. देशातलं सगळ्यात मोठं कॅन्सर हॉस्पिटल कोकणातल्या चाकरमान्यांच्या अगदी दारात आलं. वालावलपासून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, त्याआधी एसटीत रात्रभर बसून यायचं. पण एकदा परळला उतरलं की आपली माणसं, आपली भाषा, आपली पेज. म्हणजे शहर परकं असलं तरी चाळ ओळखीची.

सेहेचाळीस दिवस कशासाठी?

मला आधी वाटलं होतं, मोठी आजी हॉस्पिटलात ॲडमिट असेल आणि सोबतीचं माणूस खोलीवर राहिलं असेल. पण तसं नव्हतं. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. त्या काळात आपल्याकडच्या बायकांमध्ये हा फार मोठ्या प्रमाणावर आढळायचा. त्यावर मुख्य उपचार किरणांचा. आमच्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. आणि हा शेक एका दमात देता येत नाही. थोडे थोडे किरण रोज दिले की मधल्या वेळात शरीरातल्या चांगल्या पेशी सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. १९२० ते १९३०च्या दशकांत पॅरिसमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे.

आता याचा व्यवहारातला अर्थ बघा. शेक घ्यायला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यासाठी हॉस्पिटलची खाट लागत नाही, आणि मोजक्या खाटांच्या हॉस्पिटलात ती मिळणारही नाही. पण रोज त्या दारात हजर मात्र राहावं लागतं. उरलेले साडेतेवीस तास माणसाने कुठे काढायचे? सलग दीड महिना, थकवा, मळमळ, जुलाब घेऊन? मशीन हॉस्पिटलकडे होतं. उरलेल्या साडेतेवीस तासांची सोय करायची होती घरच्यांनी.

आमच्या घरच्यांनी ती कशी केली ते काकांनी सांगितलं. ते तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते आणि आईबरोबर मुंबईला आले होते. खोली फक्त पुरुषांची. बाई तिथे कधी राहिलीच नव्हती. आजोबांनी सगळ्यांना बसवून विचारलं. कुणी नाही म्हटलं नाही. मोरीच्या बाजूचा कोपरा तिला दिला, दोन नऊवाऱ्या जोडून पडदा लावला. रात्रपाळीवाले दिवसा जिथे झोपायचे तिथे आता ती पडून असायची, म्हणून त्यांनी वळकट्या उचलल्या आणि गॅलरीत, जिन्याखाली, शेजारच्या गावच्या खोलीत सोय लावली. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायकांनी तिच्या आंघोळीचं, लुगड्यांचं बघितलं. खानावळीचं तिखट तिला सोसायचं नाही, तर उकड्या तांदळाची पेज रोज कुणीतरी आणून ठेवायचं.

"आणि कोणी इचारल्यान नाय," काका म्हणाले, "काय झाला म्हणान."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचवीस माणसं, सेहेचाळीस दिवस, आणि तिला एकदाही कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कुणाची चूक?

न विचारण्याचं महत्त्व कळायला तेव्हा गावात काय बोललं जायचं ते माहीत हवं. आजार कळल्यावर पहिल्यांदा देवाला गाऱ्हाणं घातलं गेलं, त्यात वाईट काही नाही. पण त्याच्या मागून कुजबूज सुरू झाली. कुणाचा तरी शाप, गेल्या जन्मीचं पाप, बाईच्या त्या जागेचा आजार म्हणजे तिचंच काहीतरी. तिच्या हातचं पाणी प्यायला बायका कचरायला लागल्या, कारण कॅन्सर लागतो असा समज.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) या समजुतींना शास्त्रीय उत्तर देणारा माणूस त्याच परळमध्ये, त्याच हॉस्पिटलात तीस वर्षांपूर्वी कामाला लागला होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोलकर म्हणजे खानोलीचे, आणि खानोली हे आमच्या शेजारच्या वेंगुर्ला तालुक्यातलं गाव. डॉक्टरांचा जन्म मात्र क्वेट्ट्याचा (१८९५), शिक्षण लंडनचं. १९४१ साली टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन त्यांच्याकडे आलं. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असं त्यांना म्हणतात.

खानोलकरांनी लोकांच्या सवयींकडे बघितलं. धोतर कमरेला घट्ट बांधून त्याच जागी वर्षानुवर्षं काचलं की तिथल्या कातडीला कर्करोग होऊ शकतो, तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरली जाते तिथेच ओठाला-हिरडीला होतो, असे नमुने त्यांनी नोंदवले आणि १९४५ साली प्रसिद्ध केले. आज हे आपल्याला साधं वाटेल. पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. आजाराचं कारण गेल्या जन्मात शोधायचं नाही, ते कपड्याच्या गाठीत आणि तंबाखूच्या डबीत शोधायचं. त्यांच्या पुढाकाराने १९५२ साली संशोधन केंद्र निघालं. तिथेच पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९६३ साली मुंबईत कॅन्सरची रीतसर नोंदणी सुरू झाली, कुणाला कुठला, किती, कोणत्या वयात.

मोठ्या आजीच्या आजाराचं खरं कारण कळायला अजून थोडा वेळ होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो हे जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. एक अगदी सर्रास आढळणारा विषाणू. आजीने काहीही केलेलं नव्हतं. पण हे तिला सांगायला १९७४ साली कुणाकडेच काही नव्हतं. परळच्या खोलीतल्या माणसांना एचपीव्ही माहीत नव्हता, खानोलकरही माहीत नसावेत. तरी त्यांनी तिला दोष दिला नाही. शास्त्र पोचायच्या आधी तिथे माणुसकी पोचली होती, एवढंच म्हणता येईल.

नाव घ्यायचं नाही

आमच्या घरात मात्र एक गोष्ट तेव्हाच्या रीतीप्रमाणेच झाली. आजीला काहीही सांगायचं नाही असं पुरुषांनी ठरवलं. 'पोटात गाठ आहे, शेकाने विरघळेल,' एवढंच सांगितलं. सगळे तिच्यासमोर हसायचे आणि जिन्यात जाऊन रडायचे. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती पडद्याआडून बाहेर आली आणि आजोबांना म्हणाली, "माका काय झाला ता माका म्हायत असा. तुमी तोंडा पाडून कित्याक बसलात? थंय रांगेत सगळी एकमेकांक सांगतत."

रांगेत! हॉस्पिटलच्या रांगेत बसून तिने सगळं समजून घेतलं होतं. सोलापूरच्या बाईकडून, बिहारच्या बाईकडून, अर्धी भाषा कळली नाही तरी. त्यानंतर खोलीतली हवा बदलली असं काका सांगतात. ती मोकळेपणाने सांगायला लागली, आज जास्त दुखतंय, आज पेज नको, मी गेले तर शेतातला तो कुणगा अमक्याला द्या. ती गेली नाही. ४६ दिवसांनी गावी परतली आणि १९९१ पर्यंत जगली. मी तिला पाहिलंय. तळ्याच्या वाटेने काठी टेकत चालणारी उंच म्हातारी.

हे न सांगण्याचं दडपण आपल्याकडे सगळ्या थरांत होतं, अजूनही आहे. ते मोडायला नामवंत माणसांचीही मदत झाली. पुण्याच्या डॉ. अनिता अवचट आठवतात. मानसोपचारतज्ज्ञ, १९८६ साली त्यांनी आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. आजार लपवला नाही, काम थांबवलं नाही, १९९७ साली त्या गेल्या. अनिल अवचट २०२२ पर्यंत होते आणि आयुष्यभर त्या दिवसांबद्दल मोकळेपणाने बोलत राहिले. मुक्तांगणचं काम पुढे मुलीने, मुक्ता पुणतांबेकरांनी सांभाळलं. शरद पवारांना २००४ साली तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर तंबाखू-गुटख्याची सवय कशी महागात पडली हे ते जाहीर सभांतून सांगत आले आहेत. राजकारण बाजूला ठेवा. गावातला माणूस 'पवारसाहेबांनाही झाला होता' असं म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजातली लाज थोडी कमी झालेली असते.

खोली गेली

वहीतली शेवटची पानं १९८३ ची आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांच्या वहीत ते असं दिसतं: बाकीचे आकडे वाढत जातात, नावांपुढे 'गावी गेला' असं येत जातं, आणि मग कोरी पानं. खोली सोडून दिली. ट्रंक गावी आली.

गिरणी संपाच्या इतिहासात पगार, बोनस, जमिनी हे सगळं लिहिलं गेलंय. पण त्याबरोबर पाचशे किलोमीटरवरून येणाऱ्या पेशंटची फुकटची, हक्काची जागाही गेली, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. कोकणातल्या घरांना परळ परकं झालं. विदर्भातल्या, उत्तर प्रदेश-बिहार-बंगालमधल्या घरांना तर ते पहिल्यापासून परकंच होतं. टाटाच्या बाहेरच्या फूटपाथवर चटई टाकून राहणारी कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग. हे बोर्जेस मूळचे गोव्याचे, याच हॉस्पिटलातले नामांकित सर्जन. आत उपचार जवळजवळ मोफत मिळत असले, तरी बाहेर झोपायला जागा नाही.

ती जागा भरून काढायचं काम इतरांनी केलं. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, काका-काकी तिथेच होते. गाडगेबाबा १९५६ साली गेले, पण हॉस्पिटलात येणाऱ्या गरिबाच्या नातेवाइकाला छप्पर हवं हे त्यांना फार आधी कळलं होतं. परळला १९६८ पासून नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवेचं काम आहे. कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून घरं चालवली आहेत. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांना शेवटचे दिवस दुखण्याशिवाय काढता यावेत म्हणून वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं.

आणि दुसरा उपाय म्हणजे माणसाला मुंबईला आणण्यापेक्षा उपचार त्याच्याजवळ न्यायचे. बार्शीला १९८२ साली कॅन्सर हॉस्पिटल झालं आणि १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणीही तिथेच. कोकणात चिपळूणजवळ डेरवणला १९९६ साली वालावलकर रुग्णालय उभं राहिलं. नाव वाचून वालावलच्या माणसाची कॉलर ताठ होते हे कबूल करतो. टाटाच्या मदतीने त्यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड्यांत जाऊन बायकांच्या तपासण्या केल्या. आमच्या भागातली बरीच माणसं बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, आणि त्याच वर्षी जीवनदायी योजना सुरू झाली, जी आता महात्मा फुल्यांच्या नावाने आहे. तिच्यामुळे कॅन्सरच्या खर्चाचा बराच भार हलका होतो.

आणि मुंबईच्या वस्त्यांमधला तो प्रयोग. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेला. साध्या व्हिनेगरने, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिडने, गर्भाशयमुखाची तपासणी करायची, आणि तीही शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. २०१३ साली निकाल आला: त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. मोठ्या आजीच्या काळात हे असतं तर कदाचित वहीत तिचं नाव आलंच नसतं.

धीर आणि मान

कॅन्सरबद्दल बोलताना आपण 'झुंज', 'लढा', 'हिंमत' असे शब्द वापरतो. पेशंट धीराचा असला की सगळं झालं असं काहीसं आपल्या मनात असतं. वही वाचल्यापासून मला हे अर्धंच वाटतं. धीर माणसाचा स्वतःचा असतो. मोठ्या आजीकडे तो होता, काकींकडेही आहे. पण मान हा दुसऱ्यांनी द्यायचा असतो. मान म्हणजे पडद्याआडचा एक कोपरा, वेळेवर पेज, आणि कुणी काही न विचारणं. तो मिळाला तर धीराचं काम सोपं होतं. नाही मिळाला तर माणसाचा सगळा धीर फूटपाथवर जागा धरण्यातच खर्च होतो.

माझं ऑफिस लोअर परळला आहे. पूर्वी तिथे गिरणी होती, चिमणी अजून शाबूत आहे. आजोबांची ती खोली तिथून चालत पंधरा मिनिटांवर असणार. चाळ आता नाही, टॉवर आहे. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात आज एक खोली अशी असते जिच्यात फक्त इस्त्रीचे कपडे आणि ट्रेडमिल असते. माझ्याकडे तीही नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत पंचविसावं माणूस मावत होतं, हा हिशेब आता आजोबांच्या अक्षरात माझ्या टेबलावर आहे, आणि 'घर लहान आहे' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणं कठीण आहे.

पुढच्या महिन्यात काकींचा फॉलोअप आहे. बुधवारी बायकोशी बोलून मी काकांना फोन केला. म्हटलं, या वेळी आमच्याकडेच उतरायचं, हॉलमध्ये मी झोपेन. काका म्हणाले, तिलाच विचार. काकी फोनवर आल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अरे, धर्मशाळेत वळखी झाल्यात माझ्यो. जळगावची एक बाय असा, तीपण त्याच तारखेक येतली. थंयच बरा वाटता."

मी गप्प. त्याच म्हणाल्या, "जेवक येतंय मात्र. तिकाय घेवन येतंय. चलात मा?"

चालेल म्हटलं. उकडे तांदूळ आणून ठेवले आहेत.